चाव्याआधीची चार सेकंदं: एका बचावलेल्या ॲमेझॉन पोपटाचं प्रकरण

घरच्यांची तक्रार एका ओळीची होती: "काही कारण नसताना चावतो." पोपटाच्या आक्रमकतेच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणाची सुरुवात याच वाक्याने होते, आणि त्यातलं 'कारण नसताना' हे जवळजवळ दर वेळी चुकीचं निघतं.

पक्षी निळ्या कपाळाचा ॲमेझॉन, नाव पिंट्या, वय अंदाजे 14 वर्षं. या जातीत नर-मादी नुसतं बघून ओळखता येत नाही. डीएनए चाचणीत नर निघाला. हे त्याचं तिसरं घर. पहिल्या घराने बचाव केंद्रात सोडलं, दुसऱ्याने तीन महिन्यांत परत केलं. आताच्या घरात नवरा, बायको (पुढे 'बाई') आणि 11 वर्षांची मुलगी. पहिल्या दोन आठवड्यांत नऊ चावे, त्यातले दोन खोल. (पिंट्या हा नमुन्यादाखल घेतलेला पक्षी आहे. घर आणि तारखा मांडणीसाठी. वागणं मात्र अशा पक्ष्यांत नेहमी दिसणारंच.)

आधी दवाखाना

दुखणाऱ्या पक्ष्याला वळण लावायला जाणं म्हणजे त्याला दुखतंय हे सांगायचीही बंदी करणं. म्हणून काडी दाखवून, बक्षीस देऊन शिकवण्याचा विचार करण्याआधी पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे पूर्ण तपासणी झाली: वजन, तळपाय, छातीचं हाड, चोच, तोंडाचा आतला भाग, विष्ठा, रक्त. क्लॅमिडिया या जिवाणूचीही चाचणी केली, कारण तो संसर्ग पोपटापासून माणसाला होऊ शकतो. घरात दुसरा पक्षी नव्हता. असता तर किमान 30 ते 45 दिवस वेगळ्या खोलीत ठेवावं लागलं असतं.

तपासणीत तीन गोष्टी निघाल्या. वजन 485 ग्रॅम, आणि छातीच्या हाडावर चरबीचा थर. वर्षानुवर्षं बियांवरच वाढल्याने टाळूवरचे बारीक काटे बोथट झालेले. जीवनसत्त्व 'अ' कमी पडल्याची ही ओळखीची खूण. तळपायाची त्वचा गुळगुळीत आणि लालसर, कारण इतकी वर्षं एकाच जाडीच्या प्लॅस्टिकच्या दांडीवर उभं राहून भार कायम त्याच जागी पडलेला. शिवाय दोन्ही पंखांची मोठी पिसं फार आतून कापलेली आणि छातीच्या हाडावर जुनी, भरून आलेली जखम. म्हणजे हा पक्षी उडायला जाऊन दगडासारखा खाली आपटलेला होता.

हे कळल्यावर तक्रारीतला बराच भाग आपोआप उलगडतो. पाय दुखतो, त्यामुळे हातावर चढावंसं वाटत नाही. पंख कापलेले, त्यामुळे निघून जाता येत नाही. संकट आलं की पोपट पहिल्यांदा उडतो, लढायची वेळ त्यानंतर येते. उडण्याचा रस्ता बंद केला की उरते ती चोच.

तीन दिवस फक्त बघायचं

औषध आणि दांड्यांची बदलाबदल सुरू झाली, पण शिकवणं नाही. तीन दिवस घरच्यांनी एवढंच केलं: मोबाइल स्टँडवर लावून चित्रण, आणि वहीत तीन रकाने. आधी काय घडलं, पक्ष्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. 'रागावला', 'हट्ट केला', 'सूड घेतला' हे शब्द वहीत बाद, कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत.

त्यातला एक चावा सावकाश चालवून बघितला तो असा. संध्याकाळचे साडेसहा. बाई पिंजऱ्याचं दार उघडतात, हातात पाण्याची वाटी. हात आत येताच पिंट्याची सगळी पिसं अंगाला चिकटतात. पक्षी एकदम सडपातळ दिसतो. हे पहिलं सेकंद. दुसऱ्यात तो दांडीवर अर्धं पाऊल मागे सरकतो. वाटी कडीत नीट बसत नाही, म्हणून हात आतच घोटाळतो. तिसऱ्यात मानेवरची पिसं उभी, शेपटी पंख्यासारखी उघडलेली, आणि केशरी बुबुळातली काळी बाहुली मोहरीएवढी होऊन पुन्हा पसरते. चौथ्यात चोच उघडते आणि घशातून हलकी गुरगुर येते. बाई लाडाने "काय रे, काय झालं?" म्हणत बोट पुढे करतात. चावा. हात झटक्यात बाहेर, दार आपटतं, बाई खोलीतून निघून जातात.

चार सेकंदांत चार वेळा सांगून झालं होतं. एकालाही उत्तर मिळालं नाही. पाचव्याला लगेच मिळालं. पिंट्याच्या दृष्टीने धडा अगदी सरळ: आक्रसून काही होत नाही, सरकून काही होत नाही, गुरगुरून काही होत नाही, चावल्यावर हात जातो. आधीच्या घरांतही हेच झालं असणार. असे पक्षी पुढे-पुढे मधल्या पायऱ्या गाळायला लागतात आणि थेट चावतात. त्यालाच मग लोक 'कारण नसताना' म्हणतात.

म्हणून या प्रकरणात उद्दिष्ट ठरवलं ते असं: त्याच्या पहिल्या, लहानशा इशाऱ्याला पुन्हा किंमत आणायची. चावे कमी होणं हा त्याचा परिणाम.

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली. सगळे चावे एका जातीचे नव्हते. पिंजऱ्यातले चावे भीतीचे: पिसं चिकटलेली, अंग मागे. पण दोन चावे बाईंच्या खांद्यावर बसलेला असताना, नवरा खोलीत आल्यावर झालेले: पिसं फुललेली, शेपटी उघडी, अंग पुढे झुकलेलं, आणि चावा मात्र बाईंच्याच कानाला. ज्याच्यावर जायचंय तो लांब, म्हणून हाताशी आहे त्याला. या दोन्हींना एकच उपाय लावला तर एक जातो आणि दुसरा बळावतो.

आणि एक प्रकार चावा नव्हताच. मुलीने हात पुढे केला की पिंट्या चोचीने मनगट चाचपायचा आणि मुलगी हात मागे घ्यायची. पोपट चोच तिसऱ्या पायासारखी वापरतो. नवीन फांदीवर पाय टाकण्याआधी ती पक्की आहे का ते चोचीनेच बघतो. फांदी ऐनवेळी मागे सरकली तर पुढच्या खेपेला तो ती जास्त घट्ट धरणार, हे उघड आहे.

बंद केलेल्या गोष्टी

चोचीवर टिचकी, तोंडावर पाण्याचा फवारा, बसलेला हात मुद्दाम हलवून तोल घालवणं, ओरडणं, शिक्षा म्हणून पिंजरा झाकणं: सगळं त्या दिवसापासून बंद. यातल्या काही उपायांनी चावा त्या क्षणी थांबतो, म्हणूनच ते टिकून आहेत. पण भीतीने चावणाऱ्याला आणखी घाबरवलं की हातच संकटाची खूण होतो. ओरडण्याचा तर ॲमेझॉनला अनेकदा उलटाच अर्थ लागतो. त्यांची जात मोठ्याने ओरडूनच गप्पा मारते.

जाड हातमोजेही बाजूला ठेवले. मोजा घातला की माणूस इशाऱ्यांकडे बघायचं सोडतो, कारण दुखत नाही. पक्षी मात्र मोज्याला भितोच, आणि मोज्यावर शिकलेलं उघड्या हाताला लागू होत नाही.

"माघार घेतलीत तर डोक्यावर बसेल" हा सल्लाही या घराला मिळालेला होता. कळपात आपला दर्जा वर नेण्यासाठी पोपट माणसाला चावतो, ही समजूत टाकून द्यावी. तिच्यामुळे फक्त हात पुढे रेटला जातो.

पिंजरा, झोप, खाणं

पिंजरा जाण्या-येण्याच्या वाटेत होता. तो हॉलच्या कोपऱ्यात हलवला, मागची बाजू भिंतीला, म्हणजे पाठीमागून कोणी येणार नाही. आकार 90 × 60 × 120 सेंटिमीटर, गजांतलं अंतर अडीच सेंटिमीटरच्या आत. प्लॅस्टिकची दांडी काढून अडीच ते चार सेंटिमीटर जाडीच्या, वेड्यावाकड्या, सालीसकट तीन फांद्या लावल्या; फवारणी न केलेल्या, विषारी नसलेल्या झाडाच्या. वाट्या बाहेरून भरता येतील अशी झडप बसवली. या एका बदलाने दिवसातून चार वेळा आत जाणारा हात शून्यावर आला. खर्च आणि श्रम बघता संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात फायद्याचा बदल हाच.

झोप अकरा ते बारा तास, अंधारात आणि शांततेत. आधी टीव्ही चालू असेपर्यंत तो जागा असायचा. पिंजऱ्यातला मऊ कापडी तंबू काढला, कारण अंधारी बोळकांडी म्हणजे त्याच्या लेखी घरटं, आणि घरटं आलं की राखण आली. पाठीवरून आणि पंखांखाली कुरवाळणं थांबवलं. हात फक्त डोक्यावर आणि मानेवर, तेही त्याने मान वाकवून मागितलं तर.

बियांवरून पेलेट्स (पोपटांसाठीचं तयार गोळीखाद्य) आणि भाज्यांवर त्याला सहा आठवड्यांत आणलं, घाई न करता. रोज सकाळी पहिल्या विष्ठेनंतर, खाण्याआधी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन. तीन-चार टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं की बदल थांबवून जुनं खाणं वाढवायचं. दहा टक्के उतरणं म्हणजे थेट दवाखाना. सूर्यफुलाच्या बिया वाटीतून पूर्ण गेल्या आणि बक्षीस झाल्या: दिवसाला साधारण 20, अर्ध्या करून. उपाशी ठेवून शिकवणं मात्र नाही. सकाळच्या खाण्याच्या थोडं आधी जी साधी भूक असते तेवढी पुरते.

काडी

आधी अंतर काढलं. माणूस किती लांब असताना पिंट्याची पिसं सैल राहतात? बाईंसाठी एक मीटर, नवऱ्यासाठी अडीच. तिथून अर्धं पाऊल पुढे. पिसं चिकटली की त्याच क्षणी अर्धं पाऊल मागे. पिसं सैल झाली की पुन्हा पुढे, बाहेरच्या वाटीत अर्धी बी टाकायची आणि निघून जायचं. रोज चार-पाच फेऱ्या.

इथे घरच्यांनी रास्त शंका काढली: इशारा केल्यावर मागे गेलो तर इशारे वाढतील ना? पहिले काही दिवस वाढलेच. वाढू द्यायचे असतात. पिसं चिकटवून काम होतं हे पटल्याशिवाय चोच खाली येणार नाही. आणि हात कधीच रेटत नाही हे पटलं की इशारे करण्याचीही गरज कमी होते. पिंट्याच्या बाबतीत त्याला बारा दिवस लागले.

मग काडी. जेवणाची साधी लाकडी चॉपस्टिक. गजांमधून चोचीपासून पाच सेंटिमीटरवर धरायची, चोचीत खुपसायची नाही. काडीकडे नुसतं बघितलं तरी "छान" म्हणायचं आणि दोन सेकंदांच्या आत लांब दांड्याच्या चमच्यातून बी द्यायची. शब्द आणि बी यांत अंतर पडलं तर पक्षी मधलीच एखादी हालचाल शिकतो. पाच ते आठ वेळा, तीन मिनिटांत बंद, दिवसातून दोनदा. तो अजून मागतोय तेव्हाच थांबायचं. बघणं, मग झुकणं, मग टोकाला चोच लावणं. चौथ्या आठवड्यात तो काडीमागे एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जायला लागला.

याचा पहिला उपयोग म्हणजे 'जागा'. दारापासून सगळ्यात लांबची फांदी ही त्याची जागा. तो तिथे असेपर्यंतच दार उघडं, बी तिथेच मिळणार. तो निघाला की दार बंद, शांतपणे, आपटून नाही. आधी दाराला नुसता हात, मग कडी, मग दार इंचभर, मग अर्धं. पिंजऱ्यातून त्याला बाहेर काढायचं नाही. दार उघडं ठेवून समोर त्याला बसायचा स्टँड लावायचा आणि त्याने यायचं ठरवायचं. पहिल्या दिवशी तो आलाच नाही. तेही चालतं.

चढणं आधी हातातल्या 30 सेंटिमीटरच्या काठीवर, जी त्याच्या फांदीच्याच जाडीची. काठी पायांच्या किंचित वर, पोटासमोर; पोटाला टेकवून ढकलायची नाही. पाच सेकंदं थांबायचं. पाय उचलला तर बी, नाही उचलला तर काठी मागे, चेहरा न पाडता. पुढे काठी धरणारा हात हळूहळू पुढे सरकवत नेला, शेवटी काठी बाजूला आणि बांगड्या-घड्याळ नसलेला आडवा हात. चोच मनगटाला लागली की हात तसाच, दगडासारखा. मुलीपेक्षा बाईंनाच हे जास्त जड गेलं.

जिथे गाडी घसरली

पाचव्या आठवड्यात चावे पुन्हा दिसायला लागले: हलके, चिमटे काढल्यासारखे, आणि भीतीची एकही खूण नाही. वही उघडल्यावर घोळ सापडला. चिमटा काढला की बाई त्याला स्टँडवर ठेवायच्या, हे बरोबर. पण लगेच काडी पुढे करून "चल, नीट कर" आणि बी. पिंट्याने पूर्ण साखळी शिकून घेतली: चिमटा, स्टँड, काडी, बी. त्याच्या हिशेबाने बी मिळवण्याची पहिली पायरीच चिमटा. दुरुस्ती दोन ठिकाणी केली. ठेवल्यानंतर एक-दोन मिनिटं काहीच नाही: बोलणं नाही, नजर नाही, काडी नाही. आणि मूळ कारण म्हणून हातावरचा वेळ कमी केला. चिमटे साधारण विसाव्या सेकंदानंतर यायचे, म्हणून दहाव्याला बी देऊन उतरवायला सुरुवात केली. आठवड्याभरात थांबले.

दुसरी चूक नवऱ्याची. बी चोचीसमोर नाचवत त्याला काठीवर ओढून आणणं. भुकेच्या भरात पक्षी चढतो, चढल्यावर आपण कुठे आहोत ते कळतं, आणि घाबरून चावतो. बी आधी दिसू नये, काम झाल्यावर यावी. फरक बारीक वाटतो, पण आमिष दाखवून आणलेला पक्षी राजी असतोच असं नाही.

खरा चावा बसलाच तर करायचं एवढंच: हात झटकायचा नाही, ओरडायचं नाही, जवळच्या पक्क्या जागेवर हात टेकवून त्याला उतरू द्यायचं. चाव्याची जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, खोल असेल तर डॉक्टर. मग वही: आधी काय दिसलं होतं आणि आपण काय सोडून दिलं.

चौथ्या महिन्यात, दिवस मोठे झाल्यावर, तो बुटांच्या कपाटाखाली शिरायला लागला आणि जवळ येणाऱ्या पायांवर धावायला लागला. हे विणीच्या हंगामाचं वागणं. शिकवण्याने ते जात नाही. कपाटाखालची फट लाकडी पट्टीने बंद केली, संध्याकाळचा उजेड कमी करून झोप पुन्हा बारा तासांवर आणली, मऊ-कोमट खाणं थांबवलं. दीड महिना त्याला हातावर घेणं बंद, फक्त काठी.

खांदा आणि नवरा

खांद्यावर बसणं पहिल्या आठवड्यातच बंद झालं होतं, कारण तिथे त्याचे डोळे आणि शेपटी दिसत नाहीत आणि आपला चेहरा त्याच्या चोचीशी असतो. बाकीचं काम वाटून केलं. सूर्यफुलाच्या बिया फक्त नवऱ्याच्या हातून; बाईंनी पेलेट्स आणि भाज्या द्यायच्या. नवरा खोलीत यायच्या आधी पिंट्या स्टँडवर, बाई दोन पावलं लांब, आणि तो दारात दिसताच स्टँडच्या वाटीत बी. अंतर अडीच मीटरपासून. बाहुली लहान-मोठी व्हायला लागली की नवरा तिथेच थांबणार. उत्तेजित ॲमेझॉनला हातावर घेऊन 'शांत' करायला जाऊ नये. त्याला दोन-चार मिनिटं एकटं सोडलं की तो आपसूक ओसरतो.

मुलीसाठी नियम वेगळा आणि ताठ: बाहेरच्या वाटीत बी टाकायची, काडीचा खेळ गजांबाहेरून, मोठं माणूस खोलीत असतानाच. हातावर घेणं नाही.

सहा महिन्यांनंतरची वही

पहिल्या दोन आठवड्यांत नऊ चावे. दुसऱ्या महिन्यात तीन, चिमटे वेगळे. चौथ्यात हंगामामुळे पुन्हा दोन, दोन्ही पायाला. सहाव्यात एकही नाही. वजन 485 वरून 448 ग्रॅम, तळपायाची लाली गेलेली. पिसगळीत कापलेली बरीच पिसं पडून नवी आली आणि तो खोलीभर उडायला लागला. यामुळे एक आकडा वाढला: नको असेल तेव्हा उडून जाणं. घरच्यांना आधी ते अपयश वाटलं. वहीत ते प्रगतीच्या रकान्यात लिहिलं.

तो नवऱ्याच्या हातावर अजून येत नाही, फक्त काठीवर येतो. ते तसंच ठेवायचं ठरलं आहे. राहिलं आहे ते नखं कापणं. त्यासाठी पक्ष्याला टॉवेलमध्ये धरतात. टॉवेलची आठवण त्याला जुन्या घरापासूनची आहे, म्हणून सध्या घडी केलेला टॉवेल स्टँडपासून दोन मीटरवर नुसता पडून असतो आणि तो दिसला की बी मिळते. गेल्या आठवड्यात अंतर दीड मीटर झालं.